सँडविच पॅनेलचं अग्नि-प्रमाणपत्र: कोटेशनपासून उभ्या भिंतीपर्यंत कसं तपासायचं

द्राक्षांचं शीतगृह, मासळी प्रक्रिया कारखाना, औषध कंपनीची क्लीनरूम, मोठं गोदाम. यांतलं काहीही बांधायला काढलं की भिंती आणि छत बहुतेक वेळा सँडविच पॅनेलचंच असतं. दोन्ही बाजूंना साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा आणि मध्ये पफ (पॉलियुरेथेन फोम), पीआयआर (पफच्याच कुळातला, आगीत जास्त टिकणारा फोम), थर्मोकोल किंवा रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर). कोटेशनमध्ये जाडी, घनता, पत्र्याचा रंग आणि दर यांची सविस्तर माहिती असते. आगीबद्दल मात्र एकच ओळ सापडते: ‘फायर रिटार्डंट ग्रेड, टेस्ट सर्टिफिकेट सोबत.’ ती ओळ खरी आहे का, आणि खरी असली तर तुमच्या इमारतीला ती लागू होते का, हे पैसे देण्यापूर्वी कसं शोधायचं ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी एक हिशेब करू. १०० मिमी जाडीच्या पफ पॅनेलमध्ये, घनता घनमीटरला ४० किलो धरली, तर प्रत्येक चौरस मीटरमागे ४ किलो फोम असतो. भिंती आणि छत मिळून १,००० चौरस मीटर झाले की ४ टन प्लास्टिक इमारतीच्या अंगातच बसलं. त्यावर पत्रा आहे म्हणून ते दिसत नाही. आग पत्र्याआडून, सांध्यांतून, छताच्या वरच्या पोकळीतून पसरते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ती दिसते तेव्हा आत पत्रा फोमपासून सुटू लागलेला असतो. इंग्लंडमधल्या हेरफर्ड इथे सप्टेंबर १९९३ मध्ये कोंबडी प्रक्रिया कारखान्याला लागलेल्या आगीत दोन अग्निशमन जवानांचा जीव गेला आणि अशा पॅनेलांचा धोका तिथे ऐरणीवर आला. दक्षिण कोरियातल्या इचॉनमध्ये जानेवारी २००८ मध्ये शीतगृहाच्या आगीत ४० जण गेले. त्याच शहरात एप्रिल २०२० मध्ये बांधकाम चालू असलेल्या गोदामात ३८ जण गेले. दोन्ही ठिकाणी युरेथेन फोम होता.

पहिली पायरी: तुम्हाला नेमकं काय हवंय ते ठरवा

आगीबाबत पॅनेलला दोन वेगळे प्रश्न विचारता येतात, आणि बाजारात या दोघांची सर्रास गल्लत होते.

पहिला प्रश्न असा की पॅनेल स्वतः आगीत किती भर घालतं? पेटतं का, ज्वाळा पसरवतं का, धूर किती करतं, जळते थेंब गाळतं का? युरोपात याचं वर्गीकरण ईएन १३५०१-१ या मानकानुसार होतं (ईएन म्हणजे युरोपीय मानक). ए१, ए२, बी, सी, डी, ई, एफ असे वर्ग, त्यापुढे धुरासाठी एस१ ते एस३ आणि थेंबांसाठी डी० ते डी२. रॉकवूलचं पॅनेल सहसा ए२-एस१, डी० मध्ये येतं, कारण लोकर जळत नसली तरी गोंद आणि रंगाचा थर असतोच. चांगलं पीआयआर बी-एस१, डी० किंवा बी-एस२, डी० पर्यंत जातं.

दुसरा प्रश्न: भिंतीच्या एका बाजूला पूर्ण भडका असताना दुसरी बाजू किती मिनिटं सुरक्षित राहते? हा अग्निरोध. ईआय ६० मध्ये ई म्हणजे भिंत अखंड राहिली, भेगांतून ज्वाळा आली नाही, आय म्हणजे मागची बाजू तापली नाही, आणि ६० ही मिनिटं. मागच्या पृष्ठभागाच्या तापमानातली वाढ सरासरीने १४० अंश आणि कुठल्याही एका जागी १८० अंशांच्या आत राहावी लागते. चाचणीसाठी भिंतीचा नमुना भट्टीला लावतात आणि भट्टीचं तापमान ठरलेल्या आलेखानुसार चढतं: ३० मिनिटांना ८४२ अंश सेल्सिअस, ६० मिनिटांना ९४५. भारतात अग्निरोधाची चाचणी आयएस ३८०९ या भारतीय मानकात आहे.

एकच पॅनेल पहिल्या प्रश्नात चांगलं आणि दुसऱ्यात नापास होऊ शकतं. म्हणून आराखडा समोर घ्या आणि प्रत्येक भिंतीवर पेन्सिलीने लिहा. यंत्रखोली आणि साठवण यांमधली भिंत, पॅकिंग साहित्याच्या खोलीची भिंत, जिन्याकडे जाणारा बोळ, शेजारच्या हद्दीलगतची भिंत या जागी अग्निरोध लागतो. बाकी भिंती आणि छत यांना किमान आग न पसरवण्याची हमी हवी. हद्दीपासूनचं अंतर, इमारतीचा वापर आणि उंची यांनुसार किती मिनिटांचा अग्निरोध लागेल ते राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ४ मधून तुमच्या फायर सल्लागाराकडून लेखी घ्या. विमा कंपनीचा जोखीम अभियंता असेल तर त्याला याच टप्प्यावर बोलवा. पॅनेल उभे राहिल्यावर त्याने आक्षेप घेतला तर एकतर हप्ता वाढतो किंवा भिंत उतरते.

कोर, म्हणजे दोन पत्र्यांमधला थर, कशाचा घ्यायचा हे इथेच ठरतं. रॉकवूल आगीत सर्वांत भरवशाचं, पण त्याची उष्णतारोधकता पफपेक्षा बरीच कमी. १०० मिमी पफ जेवढी थंडी धरतं तेवढी धरायला साधारण १६० ते १८० मिमी रॉकवूल लागतं, वजन वाढतं, आणि बाष्परोधक थर नीट नसेल तर उणे तापमानाच्या खोलीत ओल धरतं. शीतगृहात म्हणून पीआयआर आणि अग्निरोधाच्या भिंतींना रॉकवूल अशी विभागणी व्यवहार्य ठरते. थर्मोकोल साधारण १०० अंशांपुढे आक्रसतो आणि वितळतो, पत्र्यांच्या मध्ये पोकळी तयार होते आणि पॅनेलची ताकद संपते. माणसं काम करतात अशा बंदिस्त इमारतीत तो टाळावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: हातातला कागद कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

पुरवठादार ‘सर्टिफिकेट’ या एकाच नावाने चार वेगळे कागद देतो.

सर्वांत हलका कागद कंपनीच्या लेटरहेडवरचा. ‘आमचे पॅनेल अग्निरोधक आहेत’ असं त्यावर स्वतः कंपनीच म्हणते. त्याची किंमत माहितीपत्रकाएवढीच.

दुसरा, प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल. तो खरा असू शकतो, पण त्याचा अर्थ एवढाच की कंपनीने पाठवलेला एक नमुना त्या दिवशी त्या रचनेत असा वागला. नमुना कोणी निवडला? बहुतेक अहवालांत ‘नमुना ग्राहकाने पुरवला’ असं वाक्य असतं. ते आधी शोधा. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का हे एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) संकेतस्थळावर पाहा, आणि फक्त नाव पाहून थांबू नका: त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या व्याप्तीत ही विशिष्ट चाचणी पद्धत आहे का ते उघडून वाचा. काँक्रीटची ताकद तपासण्याची मान्यता असलेली प्रयोगशाळा आगीच्या चाचणीसाठी मान्य ठरत नाही.

तिसरा, युरोपीय सीई खूण आणि कामगिरीचं घोषणापत्र. सँडविच पॅनेलसाठी ते ईएन १४५०९ या मानकाखाली निघतं. घोषणापत्रावर मूल्यांकनाची प्रणाली १, ३ की ४ हे लिहिलेलं असतं. प्रणाली ३ मध्ये प्रयोगशाळा नमुना तपासते, पण कारखान्यातल्या रोजच्या उत्पादनावर देखरेख उत्पादकाचीच. प्रणाली १ मध्ये बाहेरची संस्था कारखान्यात येते. सीई खूण पाहिली की प्रणालीचा आकडा विचारायचाच.

चौथा कागद हाच स्वतंत्र उत्पादन प्रमाणपत्र. इथे तिसरी संस्था नमुना स्वतः निवडते किंवा निवड साक्षांकित करते, मोठ्या आकारात जाळून पाहते, कारखान्याची उत्पादन पद्धत तपासते, आणि पुढे ठराविक काळाने परत जाऊन तेच पॅनेल बनतंय का ते बघते. शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. फोमची कृती बदलणं ही उत्पादकासाठी एका दुपारची गोष्ट आहे: पॉलिऑल (फोमचा एक कच्चा घटक) दुसऱ्याकडून घेतलं, अग्निरोधक रसायन थोडं कमी टाकलं, फुगवणारा वायू बदलला. बाहेरून पॅनेल अगदी तसंच दिसतं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला आयएसओ/आयईसी १७०६५ खाली मान्यता असावी लागते. चाचणी प्रयोगशाळेचं मानक वेगळं, आयएसओ/आयईसी १७०२५. कागदावर फक्त १७०२५ दिसत असेल तर तो चाचणी अहवाल आहे, प्रमाणपत्र नाही.

जगभर औद्योगिक पॅनेलांसाठी दोन नावं सर्वाधिक चालतात. ब्रिटनमधली एलपीसीबी ही प्रमाणन संस्था एलपीएस ११८१ या मानकाने पॅनेल तपासते. त्याचा भाग १ बाहेरच्या आच्छादनासाठी आणि भाग २ आतल्या भिंती-छतांसाठी. ईएक्सटी-बी श्रेणीत आग पसरण्याची मोठी चाचणी पास झालेली असते, तर ईएक्सटी-ए श्रेणीत त्यासोबत अग्निरोधाचा काळही असतो. आतल्या पॅनेलांच्या श्रेणी आयएनटी अक्षरांनी सुरू होतात. अमेरिकेतली एफएम अप्रूव्हल्स ही प्रमाणन संस्था आतल्या पृष्ठभागासाठी एफएम ४८८०, बाहेरच्या भिंतींसाठी एफएम ४८८१ आणि पॅनेलच्या छपरांसाठी एफएम ४४७१ वापरते. ४८८० मध्ये उंचीची मर्यादा असते: ९.१ मीटर, १५.२ मीटर किंवा उंचीचं बंधन नाही. तुमचं गोदाम १२ मीटर उंच आणि मंजुरी ९.१ मीटरची असेल, तर ती मंजुरी तुमच्यासाठी नाही.

छोट्या चाचण्यांवर विसंबू नका

माहितीपत्रकात यूएल ९४ व्ही-० दिसलं की थांबा. ती विद्युत उपकरणांच्या प्लास्टिक भागांची चाचणी आहे: बोटाएवढी पट्टी आणि छोटी ज्योत. भिंतीबद्दल ती काही सांगत नाही. बीएस ४७६ भाग ७ या ब्रिटिश चाचणीतला ‘क्लास १’ हाही नमुन्याच्या पृष्ठभागावर ज्वाळा किती सरकते एवढंच सांगतो. इंग्लंडने मार्च २०२५ पासून इमारत नियमांच्या आपल्या मार्गदर्शिकेतून हे जुने राष्ट्रीय वर्ग काढूनही टाकले. एएसटीएम ई८४ या अमेरिकी चाचणीत नमुना बोगद्यात जाळतात; तिथे ज्वाळा-प्रसाराचा निर्देशांक २५ च्या आत आला की ‘क्लास ए’ मिळतो. वितळून खाली पडणारा थर्मोकोल त्या बोगद्यात चांगला आकडा दाखवू शकतो, कारण तो ज्योतीपासून दूर पळालेला असतो.

ही दिशाभूल जुनी आहे. १९७३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोम उद्योगावर कारवाई केली ती याच मुद्द्यावर: छोट्या चाचणीच्या आधारे ‘आपोआप विझणारा’ असे शब्द वापरून माल विकला जात होता, प्रत्यक्ष आगीत तो तसा वागत नव्हता. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत ‘सेल्फ एक्स्टिंग्विशिंग’ आजही छापलेलं सापडतं.

युरोपीय वर्गीकरणातली मुख्य चाचणी याहून बरी आहे. १.५ मीटर उंचीचा कोपरा, ३० किलोवॉटचा बर्नर, २० मिनिटं. तरीही ३० किलोवॉट म्हणजे कचऱ्याच्या टोपलीची आग. तेवढ्याला पत्रा शाबूत राहतो आणि आतला फोम परीक्षेला बसतच नाही. पेटलेल्या प्लास्टिक क्रेटच्या थप्पीपुढे सांधे उघडतात, पत्रा वाकतो आणि मग खरी परीक्षा होते. म्हणून आयएसओ १३७८४-१ मागा. त्यात पॅनेलची आख्खी खोली बांधतात, आतून ३.६ × २.४ मीटर आणि २.४ मीटर उंच, त्यांच्या नेहमीच्या सांध्यांनी आणि स्क्रूंनी. कोपऱ्यात १० मिनिटं १०० किलोवॉट आणि पुढची १० मिनिटं ३०० किलोवॉट आग. खोली भडकली का, सांध्यांतून आग बाहेर आली का, हे त्यात दिसतं. पुरवठादाराकडे एलपीएस किंवा एफएम नसेल, पण या चाचणीचा संपूर्ण अहवाल असेल, तर चर्चा पुढे न्यायला हरकत नाही.

तिसरी पायरी: नोंदवहीत शोधा

पीडीएफवर विश्वास ठेवू नका. पीडीएफ कोणीही बदलू शकतो, आणि रद्द झालेलं प्रमाणपत्र पीडीएफमध्ये रद्द होत नाही. एलपीसीबीची यादी रेडबुक लाइव्ह या संकेतस्थळावर आणि एफएमची अप्रूव्हल गाइडमध्ये पाहता येते. तिथे कंपनीचं नाव टाकून स्वतः शोधा, पुरवठादाराने पाठवलेली लिंक वापरू नका.

सापडलेल्या नोंदीतल्या या गोष्टी कोटेशनशी ताडून पाहा:

- उत्पादनाचं नेमकं व्यापारी नाव. एकाच कंपनीची तीन नावं असतात आणि प्रमाणपत्र एकालाच असतं.
- कारखान्याचा पत्ता. इथेच सर्वाधिक फसगत होते. प्रमाणपत्र परदेशातल्या कारखान्याला असतं आणि तुमचा माल येणार असतो दुसऱ्याच कारखान्यातून. देखरेख कारखान्यावर असते, ब्रँडवर नाही.
- प्रमाणपत्राचा क्रमांक, आवृत्ती आणि आजच्या तारखेला ते चालू आहे का.
- श्रेणी: बाहेरची की आतली. बाहेरच्या आच्छादनाचं प्रमाणपत्र दाखवून आतल्या शीतखोलीचे पॅनेल विकले जातात.

नोंद सापडली नाही तर संस्थेला थेट ईमेल करा, प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि खरं आहे का ते विचारा.

चौथी पायरी: व्याप्तीचं पान वाचा

प्रमाणपत्राचं पहिलं पान सुंदर असतं. कामाचं पान मागे असतं, जिथे कुठल्या रचनेला हे लागू आहे ते लिहिलेलं असतं. निवांत बसून ते वाचा आणि बाजूला आपल्या नकाशातला तपशील लिहीत जा.

जाडीची मर्यादा पाहा. ८० ते १५० मिमी अशी असेल तर तुमचं ६० मिमी त्यात नाही, आणि २०० मिमीही नाही. जाड पॅनेल नेहमीच सुरक्षित असतं असं नाही, फोम जास्त म्हणजे जळायलाही जास्त. पत्र्याची जाडी पाहा. ०.५ मिमीवर चाचणी झालेली असताना ०.४ किंवा ०.३५ मिमी घेतला तर पत्रा लवकर वाकतो आणि सांधा लवकर उघडतो. आतल्या बाजूला स्टीलऐवजी ॲल्युमिनियम किंवा एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) असेल तर वेगळं प्रमाणपत्र लागतं. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळतं, आणि भट्टी ते तापमान पहिल्या १० मिनिटांतच गाठते.

दिशा पाहा: पॅनेल उभे बसवून चाचणी झाली की आडवे? सांध्याचा प्रकार पाहा: खाच-जीभ की कॅमलॉक (किल्लीने आकडा फिरवून आवळायचा)? सांध्यात अग्निरोधक सीलंट होतं का, होतं तर कुठलं? दोन पॅनेल एकमेकांना स्क्रूने शिवलेले होते का, किती अंतरावर? ईआय श्रेणीच्या कित्येक चाचण्यांत सांधे दोन्ही बाजूंनी दर ३०० मिमीला किंवा तशाच ठरलेल्या अंतरावर स्टीलच्या स्क्रूने शिवलेले असतात. साइटवर ते स्क्रू ‘दिसायला वाईट दिसतात’ म्हणून गाळले जातात आणि साठ मिनिटांची भिंत तिथेच संपते.

उंचीचा मुद्दा सगळ्यांत अवघड. भट्टीतला नमुना साधारण ३ × ३ मीटरचा असतो. चाचणीचा निकाल थेट लागू होतो तो जास्तीत जास्त ४ मीटर उंचीपर्यंत, तोही काही अटी पूर्ण झाल्या तर. त्यापेक्षा उंच भिंतीसाठी ईएन १५२५४-५ नुसार काढलेला विस्तारित लागूपणाचा अहवाल लागतो. त्यात आधाराच्या स्टील चौकटीचं अंतर, आणि आगीत भिंत झुकली तर ती धरून ठेवणारे जोड यांचा विचार असतो. १० मीटरच्या भिंतीला ३ मीटरचा अहवाल जोडलेला दिसला तर हा विस्तारित अहवाल मागा. तो नसेल तर त्या उंचीवर भिंतीला अग्निरोध आहे असं कोणीही म्हणू शकत नाही.

एवढं बारीक वाचायला का सांगतो आहोत? लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून २०१७ मध्ये ७२ जण गेले. तिथलं आच्छादन या लेखातल्या पॅनेलांपेक्षा वेगळ्या प्रकारचं होतं. पण सार्वजनिक चौकशीत प्रमाणपत्रांचा जो इतिहास बाहेर आला तो इथेही तंतोतंत लागू पडतो. एका उष्णतारोधक उत्पादकाने चाचणीच्या रचनेत न जळणाऱ्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पाट्या बसवल्या आणि माल विकताना त्यांचा उल्लेख केला नाही. दुसऱ्याने २००५ च्या चाचणीनंतर फोमची कृती बदलली, तरी जुना अहवाल वर्षानुवर्षं वापरला आणि २०२० मध्ये मागे घेतला. सप्टेंबर २०२४ च्या अहवालाने उत्पादकांच्या या वागण्याला पद्धतशीर अप्रामाणिकपणा म्हटलं. दोन्ही वेळा फसवणुकीची जागा एकच होती: जाळलेली रचना आणि विकलेला माल यांतला फरक.

पाचवी पायरी: ऑर्डरमध्ये काय लिहायचं

‘फायर रेटेड पॅनेल’ असं लिहिलं तर तुम्ही काहीच लिहिलं नाही. परचेस ऑर्डरमध्ये असा मजकूर घाला: ‘पॅनेल अमुक उत्पादन नाव, जाडी १०० मिमी, दोन्ही बाजूंना ०.५ मिमी स्टील पत्रा, कोर पीआयआर, प्रमाणपत्र क्रमांक अमुक, आवृत्ती अमुक, अमुक पत्त्याच्या कारखान्यात बनवलेले. प्रत्येक पॅनेलवर किंवा गठ्ठ्यावर बॅच क्रमांक आणि प्रमाणन संस्थेची खूण असावी. प्रमाणपत्राच्या व्याप्तीत नसलेला कोणताही बदल खरेदीदाराच्या लेखी संमतीशिवाय करू नये. व्याप्तीबाहेरचा माल पुरवठादाराने स्वखर्चाने परत न्यावा.’ प्रत्येक बॅचमधून १ मीटर लांबीचा जादा तुकडा मागा. तो नंतर तपासणीसाठी कापायचा आहे.

उभारणी वेगळा ठेकेदार करणार असेल तर त्याच्या कामाच्या ऑर्डरलाही प्रमाणपत्राची व्याप्ती आणि उभारणी पुस्तिका जोडा. पुरवठादार म्हणतो ठेकेदाराने चुकीचं बसवलं, ठेकेदार म्हणतो मला कोणी सांगितलंच नाही. हा वाद इथेच मिटवता येतो.

सहावी पायरी: ट्रक आला की

पहिली तपासणी वजनकाट्यावर. अर्ध्या मिलिमीटरचे दोन पत्रे म्हणजे चौरस मीटरला साधारण ७.९ किलो स्टील. त्यात १०० मिमी पफ किंवा पीआयआरचे ४ किलो मिळवले की साधारण १२ किलो. कोर १०० किलो घनतेचं रॉकवूल असेल तर साधारण १८ किलो. ५०० चौरस मीटरच्या ट्रकात निव्वळ पॅनेलचं वजन पफला ६ टनांच्या आसपास आणि रॉकवूलला ९ टनांच्या आसपास यायला हवं. पाव टनाचा फरक पॅकिंगमुळे येतो, दोन टनांचा येत नाही.

मग जादा तुकडा कापा. कोरचा १० × १० × १० सेंटीमीटरचा ठोकळा काढा, त्याचं आकारमान बरोबर एक लिटर होतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तो ४० घनतेचा असेल तर ४० ग्रॅम भरेल, १२० च्या रॉकवूलचा १२० ग्रॅम, थर्मोकोलचा जेमतेम १५ ते २० ग्रॅम. पत्र्याची जाडी मायक्रोमीटरने मोजा, रंगासकट आणि रंग काढून अशी दोन्ही. फोम पत्र्याला सगळीकडे चिकटला आहे का ते पाहा. पत्रा हाताने सोलून निघत असेल तर आगीत तो पहिल्या काही मिनिटांत सुटेल.

वजनावरून पफ आणि पीआयआर वेगळे ओळखता येत नाहीत, आणि पफला पीआयआर म्हणून विकण्यात नफा आहे. ओळख पटवायची तर प्रयोगशाळेत इन्फ्रारेड वर्णपटाची तपासणी करून घ्या. मोठ्या कामाच्या मानाने तिचा खर्च किरकोळ आहे. उघड्यावर, सुरक्षित अंतरावर छोटा तुकडा जाळून पाहिला तर पीआयआर कोळशासारखा कडक थर धरतो, थर्मोकोल वितळून गळतो. हा अंदाज झाला, पुरावा नाही, आणि तो धूर अजिबात नाकात घेऊ नका: त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतो.

सातवी पायरी: उभारणीवर उभं राहून पाहायच्या गोष्टी

सांधा पूर्ण बसला पाहिजे. चार-पाच मिलिमीटरची फट राहिली की ती कॅनमधल्या फोमने भरली जाते, वर सीलंटची रेघ ओढली जाते आणि काम झकास दिसतं. त्या फोमला प्रमाणपत्र नसतं. फट भरायचीच असेल तर व्याप्तीत नाव असलेलं साहित्य वापरा, नाहीतर पॅनेल काढून पुन्हा बसवा.

कोपरे आणि भिंत-छत यांचा जोड इथे कापलेला कोर उघडा पडतो. त्यावर दोन्ही बाजूंना स्टीलची फ्लॅशिंग पट्टी हवी, ती स्टील रिव्हेट किंवा स्क्रूने जोडलेली. ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट स्वस्त आणि पटकन बसणारे, पण आगीत आधी तेच जातात आणि पट्टी खाली येते.

शीतखोलीचं छत वरून टांगलेलं असतं. टांगणीच्या धातूतून उष्णता आत येऊ नये म्हणून टांगणीत नायलॉन किंवा प्लास्टिकचे भाग वापरतात. ते वितळले की छत आत शिरलेल्या अग्निशमन जवानांवर कोसळतं. म्हणून प्रमाणपत्रातली टांगणी जशीच्या तशी वापरा आणि तिचा भार मुख्य स्टील संरचनेवर न्या. खालचा पत्रा केवळ गोंदाने लटकलेला राहणार नाही अशी यांत्रिक जोडणी मागा.

रोज संध्याकाळी त्या दिवशी झाकल्या जाणाऱ्या सांध्यांचे फोटो काढा, फोटोत मोजपट्टी दिसू द्या. स्क्रूंमधलं अंतर फोटोवरून मोजता आलं पाहिजे. अर्धी भिंत उभी असतानाच वेल्डिंग चालू असेल तर ते थांबवा. उघडे कोर आणि ठिणग्या एकत्र येण्याचा काळ हाच. टाळता येत नसेल तर लेखी परवाना, न जळणारं आच्छादन, जवळ पाण्याची लाइन आणि काम संपल्यावर किमान एक तास पहारा.

आठवी पायरी: भोकं

भिंत पास झाली, आणि मग इलेक्ट्रिशियन आला. केबलसाठी होल-सॉने पाडलेल्या प्रत्येक भोकात कोर उघडा पडतो, आणि तिथेच तापणारी केबल टेकते. प्रत्येक भोकाला स्टीलची नळी, नळी आणि कोर यांच्यात रॉकवूलचं कडं, दोन्ही बाजूंना स्टीलची टिकली. भिंत ईआय श्रेणीची असेल तर त्या भिंतीवर चाचणी झालेला अग्निरोधक भराव लागतो, साधं सिलिकॉन नाही. बाष्पकाच्या (खोलीतल्या थंडी सोडणाऱ्या यंत्राच्या) पाण्याच्या नळीवर हीटर वायर असते, ती पॅनेलमधून जाते त्या जागेकडे वेगळं लक्ष द्या. विद्युत पेट्या पॅनेलला चिकटवू नका, मध्ये हवेची जागा ठेवून स्टीलच्या चौकटीवर बसवा. फोर्कलिफ्टची बॅटरी चार्जिंगची जागा आणि रिकाम्या क्रेट-पॅलेटची थप्पी पॅनेलच्या भिंतीपासून दूर, शक्यतो इमारतीबाहेर.

फायर एनओसी आणि ही फाइल

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली परवानाधारक संस्थेचा नमुना ‘अ’ आणि दर जानेवारी-जुलैमधला नमुना ‘ब’ हे दाखले इमारतीतल्या अग्निसुरक्षा यंत्रणांबद्दल असतात. पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर, अलार्म चालू स्थितीत आहेत हे ते सांगतात. पॅनेलच्या पोटात काय आहे याची हमी त्यांतून मिळत नाही, आणि पॅनेलचं प्रमाणपत्र आहे म्हणून स्प्रिंकलरही टळत नाहीत.

वेगळी फाइल करा. तीत प्रमाणपत्र आणि नोंदवहीतल्या नोंदीची तारखेसह छापील प्रत, व्याप्तीचं पान, विस्तारित अहवाल, चलनं आणि बॅच क्रमांक, वजनकाट्याच्या पावत्या, सांध्यांचे फोटो, कुठल्या भिंतीत कुठला कोर आहे हे रंगांनी दाखवलेला नकाशा. नकाशाची एक प्रत दारावर लावा, म्हणजे आत शिरण्याआधी अग्निशमन दलाला भिंतीत काय आहे ते कळेल. प्रत्येक बॅचचा ३०० × ३०० मिमीचा तुकडा लेबल लावून कोरड्या जागी जपा.

फोर्कलिफ्टच्या धडकेने पॅनेल फाटलं की त्याच आठवड्यात दुरुस्त करा. तोपर्यंत उघड्या कोरवर स्टीलचा पत्रा स्क्रूने बसवा, चिकटपट्टी चालत नाही. बदली पॅनेल मागवताना प्रमाणपत्र पुन्हा नोंदवहीत तपासा, कारण मधल्या काळात ते रद्द झालेलं असू शकतं किंवा उत्पादन दुसऱ्या कारखान्यात गेलेलं असू शकतं. जुन्या पॅनेलच्या सांध्यात नवं पॅनेल बसत नसेल आणि ठेकेदार पत्रा वाकवून बसवू लागला, तर ईआय भिंतीत ते मान्य करू नका. एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंतचा पूर्ण पट्टा बदलून घ्या आणि नकाशावर त्याची तारीख टाका.